आडव्या माणसाचा तोल

रजनी गेली त्या संध्याकाळी मी गवार मोडत बसले होते आणि फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. निखिलचे, म्हणजे तिच्या मुलाचे, कॉलवर कॉल येऊन गेले, मला पत्ता नाही. हात धुऊन फोन उचलला तर त्या कॉलच्या आधी समोर आला तो आमच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिकांचा गट. वर पेटलेल्या पणतीचं चित्र, खाली ओळीने जोडलेले हात आणि मधोमध बातमी : ‘आपल्या शिवणाच्या रजनीबाई आज दुपारी चक्कर येऊन गेल्या.’ त्याखाली एकीने लिहिलं होतं, ‘चक्कर फार वाईट.’ दुसरीने, ‘या वयात कसले व्यायाम करत होत्या कोण जाणे.’ तिसरीने काहीतरी पाठवून पुसून टाकलं होतं, ते काय असेल याची कल्पना न केलेली बरी. माणूस गेल्यावर आधी रडू यावं अशी रीत आहे. मला आधी शिसारी आली. रडू खूप नंतर आलं, आणि तेही कुणी बघत नसताना.

खरी गोष्ट एवढीच की रजनी दुपारी व्यवस्थित जेवली, वर वाटीभर ताक प्यायली, पलंगावर आडवी झाली आणि उठली नाही. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आडव्या झालेल्या माणसाचा तोल कसा जातो, हे मला कुणीतरी एकदा समजावून सांगावं. पण एवढी चौकशी करतो कोण? बाईला चक्कर यायची, बाई गेली, म्हणजे चक्कर येऊनच गेली... झाला हिशोब. तिने त्या चकरेचं पुढे काय केलं होतं, ते विचारायला कुणाला सवड नव्हती. म्हणून हे लिहायला बसले आहे. गटावर लिहिलं असतं तर खाली पुन्हा जोडलेले हात आले असते.

रजनी आणि मी कसब्यातल्या एका मुलींच्या शाळेत जन्म काढला. मी विज्ञान शिकवायचे, ती शिवण. शिवणाच्या बाईंना शिक्षक-खोलीत जरा खालच्या पाटावर बसवायची पद्धत होती, आणि रजनी तिथे बसून सगळ्यांच्या ब्लाउजांच्या बाह्या कशा चुकल्या आहेत ते शांतपणे सांगायची. शाळा सुटली की आम्ही दोघी पायी मंडईत जायचो. तिची तिथे एक शिस्त होती. पहिल्या फेरीत काही घ्यायचं नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डावीकडे-उजवीकडे बघत सरळ चालत जायचं, कुणाची मेथी ताजी, कुणाची काल पाणी मारून ठेवलेली, ते डोळ्यांनीच टिपायचं, आणि मग परत फिरताना नेमक्या गाळ्यावर थांबायचं. गाळेवाल्या बायका तिला पहिल्या फेरीत हाकसुद्धा मारायच्या नाहीत. नवरा गेल्यावरही, निखिल नोकरीला लागल्यावरही, निवृत्त झाल्यावरही तिने ही फेरी सोडली नाही. बाकी तिला फारसा छंद असा नव्हता. देवळात जायची, पण देवापेक्षा तिला मंडई जास्त कळायची.

दीड वर्षापूर्वीच्या पावसाळ्यात तिला साधा ताप आला, दोन-चार दिवसांत गेलाही. त्यानंतर एका सकाळी तिचा फोन आला. म्हणाली, “शैले, ये. खोली फिरतेय.” माझं घर तिच्यापासून एका गल्लीवर. जाऊन बघते तर बाई पलंगाची कड दोन्ही हातांनी धरून बसलेली, डोळे गच्च मिटलेले, आणि डोळे उघडले की ओकारी. खाली परात ठेवली. मी घाणीला बिचकणारी नाही, शाळेच्या सहलींत मुलींच्या उलट्या पुष्कळ काढल्या आहेत. पण त्या दिवशी मी परात सोडून तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहिले. तिला घाण उलटीची वाटत नव्हती. आपण आपल्याच खोलीत भिंतीला हात लावल्याशिवाय उभं राहू शकत नाही, याची तिला किळस आली होती.

मग सुरू झाले शहाणे लोक. एका डॉक्टरांनी मानेचा पट्टा दिला, तो ती महिनाभर घालून बसली. दुसऱ्यांनी पित्त म्हटलं, तिसऱ्यांनी वय म्हटलं, आणि एकांनी तर तिच्यासमोरच निखिलला विचारलं की घरात काही ताणतणाव आहे का. बाईमाणसाला गरगरतं म्हटलं की निम्म्या लोकांना ते तिच्या पोटात दिसतं आणि उरलेल्यांना तिच्या मनात. भेटायला येणाऱ्यांचं तर विचारू नका. कुणी मोरावळा आणला, कुणी टाळूवर घालायला तेल, कुणी दृष्ट काढून गेलं. मोरावळा आणणाऱ्या गृहस्थांनी तर फोनवर कसलासा व्हिडिओ बघून, कानाच्या आतले बारीक खडे सरकले असतील म्हणून तिचं डोकं स्वतःच्या हातांनी उलटंपालटं करायला घेतलं. मी त्यांना विचारलं, “आपण कानाचे डॉक्टर की घड्याळाचे?” ते रागावून गेले. जाताना मोरावळा मात्र परत नेला नाही.

शेवटी कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरीणबाईंनी ते पाच मिनिटांत सांगितलं. आपल्या दोन्ही कानांच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागून, तोल सांभाळणारा भाग असतो. पाण्यासारखा द्रव भरलेल्या तीन बारीक कमानी. डोकं हललं की आतला द्रव हलतो, आणि डोकं कुठे वळलं ते मेंदूला कळतं. दोन्ही कानांकडून सारखीच बातमी येते म्हणून आपण सरळ चालतो. रजनीच्या एका कानाची ही तोलाची नस तापाच्या विषाणूने लुळी पडली होती. ऐकू येत होतं पूर्वीसारखंच, पण एक कान सांगायचा आपण वळतोय आणि दुसरा गप्प. मेंदू बिचारा गोंधळायचा आणि खोली फिरायची. नसेत पूर्ण जोर परत येईल की नाही हे सांगता येत नाही, पण मेंदूला नव्याने शिकवता येतं, आणि ते शिकवायचे व्यायाम असतात, असं बाई म्हणाल्या. गोळ्या पहिले काही दिवसच, तेही फार मळमळलं तर. मला त्या कमानी तोंडपाठ होत्या. आमच्या पुस्तकात कानाची आकृती असायची, गोगलगाईसारखा शंख आणि त्याच्या डोक्यावर तीन कड्या. ‘आकृती काढून नावे द्या’ एवढ्यावर त्या कड्यांचं काम संपायचं. त्या कशासाठी असतात हे पुस्तक एका ओळीत उरकायचं, कारण ती ओळ परीक्षेत येत नसे. आपल्याकडे काय शिकवतात आणि काय जगायला लागतं, याचा मला तेव्हा जो वीट आला तो अजून गेलेला नाही.

निखिल आईला पुण्याच्या कडेला, मांजरी गावात आपल्या घरी घेऊन गेला. तो आणि त्याची बायको प्राजक्ता दोघं संगणकाच्या कंपन्यांत, आणि उसाच्या रानात नव्याने उठलेल्या एका इमारतीत अकराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. मुलगा वाईट असता तर मला हे लिहायला सोपं गेलं असतं. तो वाईट नव्हता. त्याने आईसाठी खिडकीशी आरामखुर्ची घेतली, न्हाणीघरात दांडा लावला, दिवसभराची बाई ठेवली. खुर्चीतून उठली की बाई कोपर धरणार, संध्याकाळी निखिल कोपर धरणार, रविवारी प्राजक्ता धरणार. आलागेलाही आधी कोपर धरायचा आणि मग चपला काढायचा. एकदा मी गेले असताना रजनी म्हणाली, “कोपराला आता घट्टे पडतील गं. पिशवीचा बंद असल्यासारखं धरतात.” भाजी फोनवरून यायची. दहा मिनिटांत दारात, प्लास्टिकमध्ये श्वास कोंडलेली मेथी आणि एकसारखी, रंग दिल्यासारखी दिसणारी वांगी. रजनी ती हातात घेऊन उलटसुलट करून बघायची आणि न बोलता खाली ठेवायची. वांग्याच्या देठाला हात न लावता वांगं घ्यायचं, हे तिला ताटात केस सापडल्यासारखं वाटत असणार.

तिला हवं होतं ते फार नव्हतं. “मला एकटीला मंडईत जाऊन यायचंय,” असं ती म्हणायची. निखिल म्हणायचा, “आई, तू बरी झालीस की आपण सगळे मिळून जाऊ.” यातलं ‘सगळे मिळून’ तिला नको होतं, हे त्याला ऐकूच येत नव्हतं.

व्यायाम शिकवायला स्नेहल नावाची मुलगी यायची. फिजिओथेरपिस्ट, यवतमाळकडची, शिकायला म्हणून पुण्यात आली आणि इथेच राहिली. बोलणं ठणठणीत. तिने रजनीला भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे नजर लावून डोकं ‘नाही नाही’ म्हणतो तसं हलवायला लावलं, नजर मात्र ठिपक्यावरून हटता कामा नये. मग ‘हो हो’. मग घडी घातलेल्या गोधडीवर पाय जुळवून उभं राहायचं, पाठीमागे कोपरा, पुढ्यात खुर्ची, म्हणजे पडलीच तर धरायला. ते जमलं की डोळे मिटून. आणि मग घरातल्या, खोल्यांमधल्या बोळातून चालत जायचं, पाय सरळ पण मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. हा शेवटचा प्रकार दाखवला तेव्हा रजनी हसली. मला म्हणाली, “अगं, ही तर माझी पहिली फेरी.” स्नेहलला मंडईची ती फेरी समजावून सांगितली तेव्हा तीही हसली, आणि म्हणाली की मग काकू लवकर बऱ्या होतील.

झाल्या नाहीत. दिवाळी गेली, संक्रांत गेली. रजनी व्यायाम चुकवत नव्हती, शिवणाची बाई ती, एक टाका गाळायची नाही. सकाळी सगळं अगदी नीट पार पडायचं. डोकं हलवायची, गोधडीवर उभी राहायची, बोळातून जायची-यायची, गरगरणं नाही की मळमळ नाही. निखिल कौतुकाने व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवायचा. आणि संध्याकाळ झाली की तीच बाई खुर्चीतून उठून दिवा लावायला गेली तरी भेलकांडायची. माझा तर या सगळ्या प्रकरणावरचा विश्वासच उडत चालला होता. त्या दिवसांत ती फार कमी बोलायची. एकदा खिडकीतून खालची उसाची शिल्लक राहिलेली पट्टी बघत म्हणाली, “आता इथेच बसायचं असं धरून चालू या का, शैले?”

होळीच्या सुमारास एक दिवस स्नेहल आली तेव्हा मी तिथेच होते. एरवी रजनी ज्याला ‘फारसं नाही’ म्हणायची तो प्रश्न तिने पहिल्यांदाच निखिलच्या देखत विचारला, “काकू, व्यायाम करताना किती गरगरते? थोडं, मध्यम, की खूप?”

रजनी काही बोलायच्या आत निखिल म्हणाला, “अजिबात नाही. आम्ही त्याची काळजी घेतो ना. अर्धा तास आधी चकरेची गोळी देतो. फोनला गजर लावलाय मी.”

स्नेहल त्याच्याकडे वळली. मग म्हणाली, “मग तुम्ही लोक व्यायाम कशासाठी करून राहिले?”

मला एकदम उलगडलं. या घराची पद्धत मला चांगली ठाऊक होती. निखिल लहान असताना कोकणात जाताना त्याला घाट लागायचा, आणि स्वारगेटहून गाडी सुटायच्या आधी रजनी त्याला उलटीची गोळी द्यायची. आपल्याकडे घरोघरी हेच. घाट लागणार, तर आधी गोळी. त्याने आईच्या व्यायामालाही तोच नियम लावला होता, प्रेमाने, गजर लावून. आणि ती गोळी काय करत होती? कानाकडून मेंदूला जाणारी बातमीच बधिर करत होती. स्नेहलने सांगितलं ते असं, की थोडं गरगरलं तरच मेंदूला कळतं की इथे काहीतरी चुकतंय आणि दुरुस्त करायला हवं. गरगरूच दिलं नाही तर तो शिकणार कशाला? त्यात गोळीने सुस्ती येते ती वेगळीच. म्हणजे बाई इतके महिने अभ्यास करत होती आणि घरातले तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक पुढ्यात ठेवत होते.

निखिल ऐकेना. त्याचा आवाज चढला. “तुम्ही तिला उलट्या होताना बघितलं नाहीत. मी बघितलंय. मुद्दाम त्रास द्यायचा? हा कसला उपचार?” मी त्याला म्हटलं की डॉक्टरीणबाईंनी गोळी चारच दिवस सांगितली होती. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “शैलामावशी, तुमची आई असती तर तुम्ही थांबवली असती गोळी?” प्राजक्ता दारात उभी होती, तिने मान खाली घातली. आणि हे सगळं चालू होतं खुर्चीत बसलेल्या रजनीच्या डोक्यावरून, जशी ती तिथे नव्हतीच. मला त्या क्षणी त्या आरामखुर्चीची, त्या दांड्याची, त्या गजराची, सगळ्या मऊ मऊ काळजीची जी घृणा वाटली ती कशाशी तोलावी कळत नाही. दुष्टाव्याचा एवढा उबग मला कधी आलेला नाही. दुष्ट माणसाला निदान ओरडून बोलता येतं.

रजनी म्हणाली, “निखिल, मला जरा मळमळू दे रे.”

ती पुढे म्हणाली, “तुला घाट लागायचा तेव्हा मी गोळी द्यायचे, ते आपल्याला पलीकडे पोचायचं होतं म्हणून. मला इथे खुर्चीत बसून कुठे पोचायचंय?” मग तिने गोळ्यांची पट्टी मागितली आणि ती स्नेहलकडे दिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना विचारून गोळी बंद झाली.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले, ते मी गोड करून सांगणार नाही. डोकं चार वेळा हलवलं की ती पांढरी पडायची, घाम फुटायचा, कधी उलटी व्हायची. स्नेहलने सांगून ठेवलं होतं की गरगरणं सोसवेल इतकंच आणायचं, मग थांबायचं, ते निवेपर्यंत बसायचं आणि पुन्हा करायचं, आणि कुणी सोबत असल्याशिवाय डोळे मिटून उभं राहायचं नाही. मी एक दिवसाआड कसब्यातून बस पकडून मांजरीला जायचे, हात मागे बांधून बोळाच्या टोकाला उभी राहायचे. धरायचं नाही, हे त्या सगळ्यात मला सगळ्यात अवघड गेलं. निखिल त्या वेळी घरात असला तर आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचा. त्याला बघवत नव्हतं. एकदा रजनी परातीवर वाकलेली असताना म्हणाली, “शी... काय ही घाण.” मी म्हटलं, “राहू दे का आजचं?” तर तोंड पुसून म्हणाली, “घाण आहे म्हटलं, थांबते म्हटलं नाही.” आणि पुन्हा गोधडीवर जाऊन उभी राहिली.

उन्हाळा लागला तसं तिचं भेलकांडणं कमी झालं. आधी दिवेलागणीची भीती गेली, मग जिना उतरायची. एकदा मी बोलत असताना तिने पटकन मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि पुढे बोलत राहिली, आणि आम्हा दोघींनाही उशिरा लक्षात आलं की काय झालं ते. एका कानाचा जोर पूर्ण आलेला नव्हता, डॉक्टरीणबाईंनी तपासून तसं सांगितलं. पण मेंदूने दुसऱ्या कानाच्या, डोळ्यांच्या आणि पायांच्या भरवशावर आपली घडी पुन्हा बसवली होती. स्नेहल म्हणाली की आता गर्दीत जायचं, कारण दोन्ही बाजूंनी हलणारी माणसं आणि रंग हे या लोकांना सगळ्यात जड जातं.

आंबे संपत आले होते तेव्हा आम्ही निखिलला न सांगता मंडईत गेलो. ठरलं होतं असं की मी मागे राहायचं, बोलायचं नाही आणि काहीही झालं तरी आधी तिने हाक मारायची. ती दाराशी क्षणभर थांबली. आत नेहमीचाच कालवा, टोपल्या, हमाल, ओल्या फरशा, वरून येणारी तिरीप. मग ती निघाली. पाय सरळ, मान डावीकडे, मान उजवीकडे... मध्येच कोथिंबिरीच्या ढिगाशी ती जरा कलली, आणि लगेच एका सद्गृहस्थांनी धावत येऊन तिचं कोपर पकडलं. रजनी म्हणाली, “अहो, सोडा. मी भाजी बघतेय.” ते म्हणाले, “आजी, पडाल.” ती म्हणाली, “पडले तर उठेन. आपण टोमॅटोंवर उभे आहात.” त्यांनी खाली पाहिलं आणि कोपर सोडलं. ती टोकापर्यंत गेली. काही न घेता. तिथे भिंतीला हात न लावता उभी राहून तिने खोल श्वास घेतला, वळली, आणि परत येताना एका गाळ्यावर थांबली. गाळेवाली बाई तिला बघत होती, बोलली नव्हती. आता म्हणाली, “लई दिसानं आलात, बाई.” रजनीने वांग्याचा देठ चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाली, “कालची आहेत.” बाईने खालून दुसरी टोपली काढली.

मांजरीला परतल्यावर तिने ते स्वतः सांगितलं. निखिल दोन दिवस बोलला नाही. मग त्याने फोनवरून भाजी मागवणं बंद केलं, एवढंच. गणपतीनंतर ती खरोखरच एकटी बसने येऊ लागली, आणि आली की माझ्याकडे चहा घेऊन मग फेरीला जायची. मी बरोबर येऊ का, असं विचारायचा मूर्खपणा मी केला नाही. असे काही महिने तिला मिळाले. मग ती दुपार आली.

तेराव्याला मांजरीला गेले. तिथेही तेच. एक बाई प्राजक्ताला सांगत होत्या की त्यांनी म्हटलंच होतं, इतकं डोकं हलवणं बरं नव्हे. एक गृहस्थ म्हणाले, “बसून राहिल्या असत्या तर अजून पाच वर्षं काढली असती.” काढली असती. खिडकीशी. प्लास्टिकमधली मेथी बघत. माझ्या हातातल्या द्रोणात खीर होती, ती तशीच खाली ठेवली. सगळ्यात वाईट म्हणजे निखिलने त्यांना काही उत्तर दिलं नाही. त्याचा चेहरा बघून कळत होतं की तोच विचार त्याला आतून खातोय, की आपण गोळी बंद करू दिली, आणि आई... डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहून दिलं होतं, मी ते परत परत सांगितलं. त्याने मान हलवली, जशी लोक सांत्वनाला हलवतात तशी.

परवा प्राजक्ताने रजनीच्या काही साड्या न्यायला म्हणून मला बोलावलं. निखिल घरीच होता. कपाट आवरून झालं, चहा झाला. निघाले तर तो अचानक म्हणाला, “मावशी, खरं सांगा. ती खरंच बरी झाली होती का? की आपल्याला बरं वाटावं म्हणून दाखवत होती?” मी काही बोलणार तोच प्राजक्ता उठली आणि तिने बोळातला दिवा लावला.

“इकडे ये,” ती म्हणाली. “आई सकाळी केसांना तेल लावून लगेच इथे चालायच्या. आठवतंय? भिंत चाचपत चाचपत. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बोटांचा तेलकट पट्टा उठला होता. मला इतकी किळस यायची त्याची. बोललेही मी त्यांना एकदा. गेल्या दसऱ्याला मी हट्टाने ही भिंत रंगवून घेतली.”

“मग?” निखिल म्हणाला.

“मग काय? दसऱ्यानंतरही त्या रोजच चालायच्या ना इथे? तेल लावून. तू ऑफिसला निघायचास तेव्हा त्यांच्या सपाता वाजत असायच्या.”

“हो.”

“मग शोध की पट्टा.”

निखिल भिंतीच्या अगदी जवळ गेला. कमरेइतक्या उंचीवर वाकून, तळहात भिंतीपासून जरासा लांब धरून, तो बोळाच्या टोकापर्यंत हळूहळू बघत गेला आणि तसाच बघत परत आला. भिंत कोरी होती. कुठेही एक बोट उठलेलं नव्हतं. तो तिथेच दिव्याखाली उभा राहिला आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा, कुणाचीही लाज न धरता, मोठ्याने रडला. आम्हा दोघींपैकी कुणीही त्याला धरलं नाही.